डब्यातली मांदेली

मी आयुष्यात चोरी एकदाच केली, आणि तीही सुक्या मांदेलीची. लोक दागिने चोरतात, विहिरीवरची मोटार चोरतात. मी वाळके मासे उचलले, तव्यावर परतले आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ले. पुढे जे झालं ते पंचवीसएक वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. शाळेत विज्ञान शिकवत होतो. पेन्शन हातात पडेपर्यंत विज्ञानाच्या मास्तराने तोंड सांभाळलेलं बरं. आता पेन्शन सुरू झाली आहे.

माझं गाव राजुरी. नव्वदनंतरची तीन-चार वर्षं उलटली होती तेव्हा मला शिनोलीजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. गावात खोली घेतली. मालक माळकरी, शांत, पहाटे उठून तुळशीला पाणी घालणारे. मी पहिल्याच महिन्यात त्यांच्या माजघराला लागून असलेल्या खोलीत खिडकी लावून स्टोव्हवर सुकट भाजली. खिडकी लावली की वास आतच राहतो, असा माझा वैज्ञानिक हिशेब होता. संध्याकाळी शाळेतून आलो तर माझी वळकटी, स्टोव्ह आणि पुस्तकांची पेटी अंगणात ओळीने मांडलेली, आणि मालक हात जोडून उभे. म्हणाले, "सर, तुमी मानूस लई चांगलं. पर तुमचा वास न्हाई सोसायचा आमाला."

असा मी शिनोलीतल्या वसाहतीत आलो. डिंभ्याच्या धरणात गेलेल्या वाड्यावस्त्यांवरच्या काही कुटुंबांची ती वसाहत. एका ओळीत बांधलेली पत्र्याची घरं, दोन घरांत मिळून एक भिंत. माझ्या भिंतीच्या पलीकडे ठकूमावशी राहायची, आणि तिच्याकडून येणाऱ्या वासापुढे माझा वास म्हणजे अगरबत्ती होती. ठकूमावशी आठवडी बाजारात सुकी मासळी विकायची.

ती पन्नाशी ओलांडलेली, काटकुळी बाई होती. तळहातांना बारीक सोनेरी कोंडा कायम चिकटलेला. हात धुतले तरी जायचा नाही, उन्हात चमकायचा. दाराचं एक फळकूट ती दिवसभर उघडं ठेवायची, आणि बसायची ती अशी, की तोंड कायम भीमाशंकराच्या बाजूला. शेंगा फोडताना, डोकं विंचरताना, माझ्याशी भांडतानासुद्धा. आपण तिच्यासमोर उभे राहिलो तर ती मान बाजूला काढून आपल्या पलीकडे बघत बोलायची. सुरुवातीला मी दोनदा मागे वळून पाहिलं. मग सवय झाली.

बाजारात तिच्यापुढे बोंबील असायचे, सुकट असायची. पण मांदेली ती वेगळ्या फडक्यावर मांडायची. ज्यांनी हा मासा पाहिला नसेल त्यांना सांगतो. बोटभर लांबी, सोनेरी पोट, डोक्याकडे रुंद आणि शेपटीकडे सुरीच्या पात्यासारखा निमुळता होत होत संपून जाणारा. समुद्राच्या कडेने आणि खाड्यांच्या तोंडाशी झुंडीने हिंडतो. घाटावर आमच्याकडे तो वाळूनच पोचायचा. वाळला तरी त्याचे डोळे उघडेच राहतात. फडक्यावर दोन-तीनशे मांदेल्या पसरल्या की सहाशे डोळे गिऱ्हाइकाकडे बघत असायचे.

"मांदेली एकटी कदी ऱ्हात न्हाई मास्तर," ठकूमावशी सांगायची. "एक दिसली ना, की समजायचं, बाकीच्या हितंच हायेत. आपल्याला दिसत न्हाईत येवढंच."

"तुम्ही कधी जिवंत पाहिलीये का मावशी?"

"म्या न्हाई. ते सांगायचे."

'ते' म्हणजे तिचा नवरा. नाव तिने कधी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. वसाहतीत कुणीतरी सांगितलं होतं, की तो गेला. मी त्याचा सरळ अर्थ घेतला.

तिच्याकडे तागडी नव्हती. ती वाटे लावायची, आणि किती देऊ असं न विचारता विचारायची, "घरात किती मानसं?" गिऱ्हाइकाने आकडा सांगायचा, तिने तेवढ्या माणसांची मासळी बोटांनी ओढून वाटा करायचा आणि वर एक टाकायची. ही एक कुणाची, असं विचारलं तर म्हणायची, "आलं कुनी तर."

मी पहिल्यांदा तिच्या पुढ्यात बसलो तेव्हा म्हणालो, "मी एकटाच." तिने दोन वाटे केले.

"मावशी, एकटाच म्हणालो."

"आनि ते तुमच्या बाजूला बसलंय ते?"

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. हळूच वळून पाहिलं तर मांजर. बाजार फिदीफिदी हसला. कोथमीर विकणारी बाई म्हणाली, "मास्तर घाबारलं वं!" मी म्हणालो, घाबरलो नाही, निरीक्षण केलं.

पण एकदा मी हसलो नाही. एक शेतकरी आला होता, घाईत, ट्रॅक्टर चालू ठेवून. "किती मानसं?" "सहा." ठकूमावशीने वाटा ओढला. तो पाचांचा होता. एव्हाना मला तिच्या बोटांचा अंदाज यायला लागला होता.

"अगं मावशे, सहा म्हनलं ना!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. पलीकडे नाही, त्याच्याकडे. मग म्हणाली, "सहा का? बरं." आणि सावकाश आणखी ओढली.

पुढच्या बाजाराला तोच माणूस चालत आला. डोक्याचं मुंडण केलेलं. तिने काही विचारायच्या आत म्हणाला, "पाच." तिने वाटा केला, वर एकाऐवजी दोन टाकल्या आणि मान खाली घातली.

त्या आठवड्यात नववीच्या वर्गाला मी योगायोग म्हणजे काय ते शिकवलं. अभ्यासक्रमात नव्हतं. जरा मोठ्यानेच शिकवलं.

तर, डबा. ठकूमावशीच्या चुलीच्या वर एक फळी होती, आणि फळीवर वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा. त्यात घरात खायची मांदेली. महिन्यातून दोनदा ती डबा उन्हात ठेवायची, झाकण काढून, आणि स्वतः शेजारी बसून राहायची. पोरगं अंघोळ करून उन्हात बसवावं तसं. वरची मांदेली संपत आली की नवी भरायची. तळ मी कधी पाहिला नव्हता. एकदा ती चार दिवस बहिणीकडे जुन्नरला गेली तेव्हा किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाली, "लागली तर घ्या डब्यातली. वरची वरची घ्या. तळाला हात लावू नका, आनि डबा तेवढा रिकामा करू नका."

"रिकामा केला तर काय होईल?"

"काई व्हत न्हाई. करू नका येवढंच."

आता हे वाक्य विज्ञानाच्या मास्तराला सांगायचं असतं का? पहिले दोन दिवस मी वरची वरची घेतली. तिसऱ्या दिवशी शनिवार, अर्ध्या दिवसाची शाळा, उत्तरपत्रिका तपासून पोटात वणवा पेटलेला. दुपारी दोनच्या उन्हात मी तिच्या घरात उभा राहून डब्यात हात घातला आणि हात तळाला लागला. तळाला फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती. गाठ सोडली. आत मूठभर मांदेली, काळपट पडलेली, लाकडाच्या ढलप्यांसारखी. डोळे उघडेच.

मी त्या परतल्या आणि खाल्ल्या. सगळ्या. आणि सांगतो, त्यांना चव नव्हती. मीठ नव्हतं, मासा नव्हता. तोंडात वर्तमानपत्राचा बोळा चघळावा तसं काहीतरी झालं आणि विरून गेलं. भूक मात्र होती तेवढीच राहिली. उलट वाढली. संध्याकाळपर्यंत मी चार भाकरी खाल्ल्या, तरी पोट आतून पोकळ.

मग अक्कल आली. दुसऱ्या दिवशी मंचरच्या बाजारात गेलो, मांदेली आणली, त्यातली थोडी त्याच फडक्यात तशीच गाठ मारून बांधली, वर बाकीची भरली, डबा फळीवर होता तसा ठेवला. झाकणावरची धूळसुद्धा चिमटीने परत भुरभुरवली. प्रयोग असा करावा, अशी स्वतःलाच शाबासकी दिली.

ठकूमावशी दुसऱ्या दिवशी आली. डबा उघडलाच नाही तिने. नुसता खाली घेतला, हातांवर जोखला आणि परत ठेवला.

"मास्तर, तळाची खाल्ली का?"

"नाही!" मी इतक्या पटकन म्हणालो, की प्रश्न पुरता झालाही नव्हता.

"बरं," ती म्हणाली.

त्या दिवशी तिची चूल पेटली नाही. भिंत एकच असल्यामुळे मला कळायचं. दुसऱ्या दिवशीही नाही. ती उंबऱ्यावर बसलेली असायची. पण तोंड भीमाशंकराकडे नाही, घराच्या आत. बाजाराचा दिवस आला आणि गेला, ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जाऊन तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "मावशी, मी खाल्ली."

"ठाव हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"हलकी व्हती ती. ह्या जड हायेत. वल्ल्या."

आणि मग तिने मला सांगितलं. रडून नाही, रागाने नाही. कुणाच्या तरी घराचा पत्ता सांगावा तसं.

तिचं घर उंबरवाडीत, आता धरणाच्या पोटात आहे तिथे. नवरा दरवर्षी हिरडा गोळा करून पाठीवर घ्यायचा, भीमाशंकरावरून घाट उतरून कोकणात जायचा आणि येताना मीठ आणि मासळी आणायचा. जायला चार दिवस, यायला पाच. धरणाची दारं लावायच्या आदल्या साली तो असाच निघाला.

"जाताना डब्याकडं बोट केलं. म्हनले, येवढी मांदेली संपायच्या आत येतो. आनि ते बोलल्यालं मोडीत न्हाईत मास्तर. म्हनून म्या संपूच दिली न्हाई. मूठभर बांधून तळाला ठिवली. पानी चढाया लागलं, समद्यांनी घरं मोडली, वासं, कवलं गाड्यांत भरली. म्या म्हनलं, ते येतील आनि त्यांना घर गावायचं न्हाई. शेवटच्या गाडीला बसले. डबा मांडीवर घिऊन."

"पण मावशी, डब्यात आहे की अजून मांदेली."

"ती तुमची हाय. त्यांची व्हती ती तुमच्या पोटात गेली."

आणि तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. एखाद्या बंद दाराकडे बघावं तसं. "संपली. आता कशाचं येत्यात ते."

मी आतापर्यंत लोकांच्या बऱ्याच वस्तू मोडल्या होत्या. सायकली, काचा, एकदा शाळेचा सूक्ष्मदर्शक. पण एखाद्या बाईची वाट बघण्याची सोय मी प्रथमच मोडली होती, आणि ती बाजारात विकत मिळत नव्हती.

ती खाईना. वसाहतीतल्या बायका पेज घेऊन यायच्या, ती "ठिवा" म्हणायची आणि पेज तशीच राहायची. असे आठ दिवस गेल्यावर माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मूर्ख माणसाला पश्चात्ताप झाला की तो गप्प बसत नाही, तो उपाय शोधतो.

बबन नावाचा एक गडी धरणात मासेमारी करायचा. ट्रकच्या ट्यूबवर फळी टाकून त्यावर मांडी घालून बसायचा आणि हातांनी वल्हवत जाळी लावायचा. त्याला मी गाठलं. म्हटलं, मी ताज्या मांदेल्या आणून देतो, तू सकाळच्या मासळीबरोबर मावशीच्या दारात घेऊन ये आणि धरणात सापडल्या म्हणून सांग. तिला वाटेल, नवऱ्यानेच काहीतरी निशाणी पाठवली. ती त्या वाळवेल, तळाला बांधेल, परत वाट बघायला लागेल.

"धरनात मांदेली? सर, खारा मासा तो."

"ते तुला आणि मला माहीत. तिला काय माहीत?"

"येडं का काय तुमी," बबन म्हणाला. पण तयार झाला.

मी कल्याणला गेलो. बाजारातून ताजी मांदेली घेतली, दुधाच्या बरणीत बर्फ भरून त्यात घातली आणि माळशेज घाटाने एस्टीने निघालो. बर्फाने घाटातच माझी साथ सोडली. बरणी गळायला लागली आणि ते पाणी पुढच्या सीटखालून वाहत एका पाव्हण्याच्या धोतरापर्यंत पोचलं.

"ओ राव, काय गळतंय तुमचं?"

"औषध आहे. शाळेच्या प्रयोगशाळेचं."

त्याने धोतर हुंगलं. "ह्या औषधाचं कालवान लई झ्याक व्हईल," म्हणाला आणि आळेफाट्यापर्यंत माझ्याकडे बघून हसत राहिला.

तीन गाड्या बदलून पोचेपर्यंत बहुतेक मासळी लिबलिबीत झाली होती. बऱ्यातल्या बऱ्या अकरा निवडल्या. त्यांचेही डोळे तांबारले होते, पोटं सुटत आली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून दिवस मावळायच्या सुमाराला बबनच्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो आला. खांद्यावर ओलं जाळं, हातात टोपली.

"मावशे, बघ गं काय घावलंय."

मी ठरल्याप्रमाणे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आलो आणि म्हणालो, "अरेच्चा! मांदेली? आणि गोड्या पाण्यात?" आवाज इतका चढवला, की चौथ्या घरातलं कुत्रं भुंकलं. टोपलीत डोकावलो. मासे लखलखत होते. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, पोटावरचं सोनं ओलं. एक तर अजून शेपूट हलवत होता, असं मला वाटलं. माझ्या बर्फाने कमालच केली म्हणायची, असा विचार मी केला. विज्ञानाचा मास्तर होतो मी. हा विचार मी केला.

ठकूमावशी उठली. तिने एक मांदेली उचलून हुंगली.

"कुठं घावल्या?"

"उंबरवाडीच्या वर," बबन म्हणाला. "तुमचं उंबर हाय ना पान्यात, त्याच्या आंगाला."

हे आमचं ठरलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बबन भलताच तयारीचा निघाला.

ठकूमावशीने ती मांदेली गालाला लावली. कितीतरी दिवसांनी तिचं तोंड भीमाशंकराच्या बाजूला वळलं, पण नजर तिकडे न जाता खाली धरणाकडे उतरली.

"आले," ती म्हणाली.

"कोण आलं?"

"त्यांना काय ठाव घर पान्यात हाय त्ये? त्यांना रस्ता ठाव. रस्त्यानं आले, घरी गेले." ती हसली. "म्या हितं वाट बघत बसलीये आनि ते तिथं."

मांदेल्या तिने वाळवल्या नाहीत. त्याच सकाळी कालवण केलं, दोन ताटं मांडली आणि पोटभर जेवली. दुसऱ्या ताटातलं कालवण दुपारी धरणाच्या पाण्यात सोडून आली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी काठावर जायला लागली. आधी काठाशी बसायची. मग पाय सोडून बसायची. मग बायकांनी तिला गुडघाभर पाण्यातून ओढून आणलं. ती अजिबात झटापट करायची नाही. "घरी चाललेय गं," एवढंच म्हणायची, बाजारातून निघालेल्या बाईसारखं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय केलंय. मला तिला वाट बघायला लावायचं होतं. मी तिला जायला रस्ता दाखवला होता. आता ती बुडाली असती तर ती माझ्यामुळे.

मी तिच्यापुढे दुसऱ्यांदा उकिडवा बसलो. "मावशी, ऐका. त्या मांदेल्या मीच आणल्या होत्या. कल्याणहून, बरणीतून. बबनला दिल्या. हवं तर शपथ घेतो. अकरा होत्या."

तिने माझ्याकडे कनवाळूपणाने पाहिलं. "अकरा? मास्तर, मोजल्या का तुमी टोपलीतल्या? सतरा व्हत्या."

मी मोजल्या नव्हत्या. मी नाटक करत होतो.

तसाच बबनकडे गेलो. तो दारात जाळं विणत होता. म्हटलं, सतरा कशा झाल्या? त्याने मान वर केली नाही.

"सर, रागावनार न्हाई ना? त्या तुमच्या अकरा... घरी पाव्हनं आलं व्हतं. बायकोनं तळल्या."

"काय?"

"वास मारत व्हत्या, पर मसाला लावल्यावं लागल्या बऱ्या. मग म्हनलं, आता सरांना काय तोंड दाखवायचं. सकाळी गेलो, उंबरवाडीवरलं जाळं वडलं, तर त्यात ह्या. समद्या येकाच जागी. दुसरा मासाच न्हाई जाळ्यात."

"बबन, थट्टा करू नकोस."

"आईची आन सर. म्या म्हनलं तुमीच आनखी आनून जाळ्यात टाकल्या. तुमाला इस्वास न्हवता ना माज्यावर."

मला पोहता येत नाही. ट्यूबवर बसायला सांगितलं तर त्यापेक्षा मी घाटावरून उडी मारीन. हे त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे मला. आम्ही दोघेही खोटारडे, त्यामुळे कुणाचं खरं मानावं, याची काही सोयच नव्हती. त्यानंतर बबनने उंबरवाडीवर जाळं लावलं नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

ठकूमावशीला थांबवायला मला एकच वाट सुचली. म्हटलं, "मावशी, पाण्यातून कशाला जाता? उन्हाळ्यात पाणी उतरतं. उंबरवाडीची जोती उघडी पडतात. तेव्हा चालत जा की."

ती विचारात पडली. "ते थांबतील?"

"इतकी वर्षं तुम्ही थांबलात. ते चार महिने थांबणार नाहीत?"

"हां. त्ये बी खरं."

माझा हिशेब असा, की चार महिन्यांत विसरेल. माझे हिशेब कसे असतात ते एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. ती परत बाजारात बसायला लागली, माणसं विचारून वाटे लावायला लागली. फक्त डबा ती आता भरत नव्हती. त्यातली मांदेली रोज थोडी थोडी खात होती. परगावी निघायच्या आधी घरातलं संपवत आणावं तसं.

मे महिन्यात मला राजुरीजवळच्या शाळेत बदली मिळाली. सामान टेम्पोने पुढे पाठवलं आणि मी तिचा निरोप घ्यायला गेलो, तर दार बंद. दोन्ही फळ्या. शेजारी म्हणाले, मावशी दोन दिवस झाले खाली उंबरवाडीला जातीये, सांच्याला येती.

मी भर दुपारी धरणात उतरलो. चिखल वाळून फुटलेला, पायाखाली खापरांसारखा वाजणारा. वठलेली झाडं, गाळाने माखलेली. एक पक्षी नाही, किडा नाही. घरांची जोती ओळीने उघडी पडली होती, आणि त्यांतलं एकच स्वच्छ होतं. झाडलेलं, पांढऱ्या मातीने सारवलेलं. तीन दगडांची चूल, चुलीत ताजी राख. ठकूमावशी जोत्याच्या कडेला बसून डोकं विंचरत होती. पहिल्यांदाच तिचं तोंड भीमाशंकराकडे नव्हतं. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"या. जेवला का?"

"गाडी गाठायचीये मावशी. बदली झाली माझी."

तेवढ्यात मला डबा दिसला. घासूनपुसून लख्ख केलेला, उन्हात पालथा घातलेला.

"मोकळा केला," ती म्हणाली. "आता कशाला राखायचा? न्या तुमी. त्यातलं लई खाल्लंय तुमी." आणि खदखदून हसली.

मी डबा घेतला. उन्हात होता, तरी गार लागला. मला बरंच काही बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते मास्तराचंच. "मावशी, पाऊस लागायच्या आत वर या. पाणी चढेल. इथे एकट्या कशा राहाल?"

तिने केसांतून फणी काढली, तिच्यात अडकलेलं केसांचं गुंतवळ बोटावर गुंडाळलं.

"एकटी?" ती म्हणाली. "मास्तर, इतक्या दिसात तुमी काईच शिकला न्हाई."

पुढे काय झालं म्हणाल तर मला नक्की माहीत नाही. पावसाळ्यानंतर वसाहतीतला एक जण भेटला, तो म्हणाला, मावशी जुन्नरला बहिणीकडे गेली. वर्षाने तिच्या बहिणीचा मुलगा भेटला, तो म्हणाला, मावशी शिनोलीलाच असते की. मी दोघांचंही खरं धरलं. कारण ते सोयीचं होतं. डबा माझ्याकडे आहे. बायकोने त्यात साखर ठेवली, रवा ठेवला, शेंगदाणे ठेवले. काहीही ठेवलं तरी तळ दिसायला लागला की मी निमूट भरतो. ती विचारते, तुम्हाला घरातल्या कामाची एवढी हौस कधीपासून?

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी डबा काखेत मारून चढ चढलो, रस्त्यावर आलो आणि वळून पाहिलं. इतक्या वरून ती बोटभर दिसत होती. सोनेरी चिखलाच्या मधोमध, सारवलेल्या जोत्यावर, एकटी. आजूबाजूला माणूस नाही, सावली नाही. मी हात केला. तिने हात केला.

एस्टी आली. मी चढून खिडकीशी बसलो. कंडक्टर चिमटा वाजवत आला.

"किती?"

"एक. घोडेगाव."

त्याने तिकीट फाडलं, वाकून माझ्या खिडकीतून खाली धरणात पाहिलं, आणि गाडी थांबवायला घंटीच्या दोरीकडे हात नेला.

"आन् त्या खालच्या समद्यांना न्हाई का यायचं? हात करत्यात बघा. पंधरा-सतरा तरी असत्याल."

"नाही," मी म्हणालो. "त्यांना नाही यायचं."

डबा मी मांडीवर घट्ट धरला आणि पार घोडेगाव येईपर्यंत त्याच्या झाकणाकडे बघत राहिलो.